जनरल थोरातांचा कागद

 

आज आपण इतिहासातलं एक प्रकरण बघणार आहोत. विषय युद्धाचा आहे. युद्ध म्हणजे बंदुका आणि नकाशे, त्यात आपलं काय काम, असं कुणाला वाटेल. पण ही गोष्ट एका कागदाची आहे. तो कागद एका मराठी माणसाने वेळेवर लिहिला होता. वरच्यांनी तो वेळेवर मनावर घेतला नाही. त्याची किंमत मात्र खाली उभ्या असलेल्या जवानांनी भरली.

सुरुवात आपल्या सोलापुरातून करू. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. जन्म सोलापूरचा, १९१० सालचा. १९३८ मध्ये जपानने चीनवर हल्ला केलेला असताना काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं, त्यात ते होते. ते तिथल्या साम्यवादी, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाच्या सैन्याबरोबर डोंगराळ भागात राहिले, जखमींची ऑपरेशनं केली, तिथेच लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. वय अवघं ३२. कोटणीसांनी ते सैन्य मित्र म्हणून, आतून पाहिलं. गरीब शेतकऱ्यांच्या पोरांचं सैन्य. गाड्या नाहीत, विमानं नाहीत. पाठीवर धान्याची पिशवी, रात्रभर पायी चाल, डोंगरातल्या पायवाटा पाठ.

त्यानंतर दहा-बारा वर्षांनी दुसऱ्या एका मराठी माणसाचा याच सैन्याशी संबंध आला. तो डॉक्टर नव्हता, सैन्यातला अधिकारी होता. हे सैन्य उद्या आपल्यासमोर उभं राहिलं तर काय होईल, हे ओळखणं पुढे त्याचं काम झालं. त्यांचं नाव शंकरराव थोरात. आपल्या शेजारच्या कोल्हापूर भागातल्या वडगावचे. जन्म १९०६ चा. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात जपान्यांविरुद्ध त्यांनी पंजाब रेजिमेंटच्या पलटणीचं नेतृत्व केलं आणि डीएसओ हे मोठं शौर्यपदक मिळवलं.

कोरियात काय दिसलं

१९५० च्या जून महिन्यात कोरियात युद्ध पेटलं. उत्तरेला कम्युनिस्ट सरकार, दक्षिणेला अमेरिकेच्या बाजूचं सरकार. अमेरिकेचं सैन्य उत्तरेकडे सरकत निघालं, तेव्हा चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांनी ऑक्टोबरच्या सुरुवातीला बीजिंगमधले आपले राजदूत के. एम. पणिक्कर यांना मध्यरात्री बोलावून घेतलं. अमेरिकन सैन्य सीमारेषा ओलांडून उत्तरेत आलं तर चीन युद्धात उतरेल, असं त्यांनी सांगितलं. भारताने हा निरोप अमेरिकेपर्यंत पोहोचवला. अमेरिकेला ती पोकळ धमकी वाटली.

त्याच महिन्यात चिनी सैन्य नदी ओलांडून कोरियात शिरलं. कसं शिरलं ते नीट ऐका, पुढे ते लागणार आहे. अमेरिकन सैन्य ट्रक आणि रणगाडे घेऊन रस्त्याने चाललं होतं. चिनी सैनिक रस्ता सोडून डोंगरातून, रात्री चालले. दिवसा झाडीत लपून राहिले, म्हणून विमानांना दिसले नाहीत. समोरून धडक देता देताच ते बाजूने वळसा घालून मागे जात आणि मागचा रस्ता अडवत. रस्ता अडला की पुढच्या सैन्याचं अन्न बंद, दारूगोळा बंद, जखमींना मागे नेणं बंद. जगातलं सगळ्यात श्रीमंत सैन्य दोन-अडीच महिन्यांत शेकडो मैल मागे आलं. जानेवारी १९५१ मध्ये दक्षिण कोरियाची राजधानी सोल पुन्हा हातची गेली.

जुलै १९५३ मध्ये युद्ध थांबलं, पण युद्धकैद्यांचा प्रश्न उरला. बावीस हजारांवर चिनी आणि उत्तर कोरियन कैदी आपल्या कम्युनिस्ट देशात परत जायला तयार नव्हते. त्यांचा ताबा कुणी घ्यायचा? दोन्ही बाजूंना चालेल असा देश म्हणून भारताचं नाव पुढे आलं. पाच देशांच्या आयोगाचे अध्यक्ष झाले जनरल थिमय्या, आणि कैदी सांभाळणाऱ्या सुमारे सहा हजार भारतीय सैनिकांचे प्रमुख झाले मेजर जनरल थोरात. दक्षिण कोरियाने आपल्या जमिनीवर भारतीय सैनिकांना पाऊल ठेवू दिलं नाही, म्हणून त्यांना हेलिकॉप्टरने उचलून मधल्या पट्ट्यात उतरवावं लागलं. त्या छावणीचं नाव ठेवलं होतं हिंद नगर.

हे कैदी साधे नव्हते. त्यांची आतून पक्की संघटना होती, प्रत्येक कुंपणात त्यांचे पुढारी होते. २५ सप्टेंबर १९५३ रोजी कैद्यांनी मेजर ग्रेवाल या आपल्या अधिकाऱ्याला ओढून आत नेलं. थोरात शस्त्राविना आत गेले, कैद्यांशी बोलले आणि गोळी न झाडता त्यांना सोडवून आणलं. या कामगिरीसाठी त्यांना अशोकचक्र वर्ग दोन मिळालं. त्यालाच आज कीर्तिचक्र म्हणतात.

थोरातांनी चिनी सैन्याला तिथे लढताना पाहिलं नाही, हे खरं. युद्ध थांबल्यावर ते पोहोचले होते. पण जिथे ते युद्ध झालं त्या जमिनीवर ते काही महिने राहिले. त्या सैन्यातून आलेली हजारो माणसं रोज त्यांच्या डोळ्यांसमोर होती आणि दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांशी त्यांना व्यवहार करावा लागत होता. समोरच्याला वर्तमानपत्रातून ओळखणं वेगळं आणि असं जवळून ओळखणं वेगळं.

कुठे उभं राहायचं?

पुढे थोरात लेफ्टनंट जनरल झाले आणि पूर्व विभागाचे प्रमुख म्हणून लखनौला गेले. आजचा अरुणाचल प्रदेश, ज्याला तेव्हा नेफा म्हणायचे, तो याच विभागात येत होता.

१९५९ हे वर्ष मोठं अवघड गेलं. मार्चमध्ये तिबेटात उठाव झाला आणि दलाई लामा तवांगच्या वाटेने भारतात आले. ऑगस्टमध्ये नेफातल्या लोंगजू चौकीवर चिनी सैनिकांनी गोळीबार केला. त्यानंतर ८ ऑक्टोबर १९५९ रोजी थोरातांनी नेफाच्या संरक्षणाचा आराखडा लिहून दिल्लीच्या सेना मुख्यालयाकडे पाठवला. अवघ्या तेरा दिवसांनी, २१ ऑक्टोबरला, लडाखमध्ये चिनी सैनिकांच्या गोळीबारात आपले दहा पोलीस मारले गेले. आपल्या जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात दरवर्षी २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन होतो, तो याच घटनेचा.

थोरातांच्या आराखड्याचं सार असं. चीनने तिबेटात सीमेजवळपर्यंत रस्ते आणले आहेत. आपल्या बाजूला मात्र सीमेपर्यंत रस्ता नाही. पुढे सगळं खेचराच्या पाठीवर, हमालाच्या डोक्यावर किंवा विमानातून टाकलेल्या पोत्यांवर. अशा ठिकाणी, अगदी सीमारेषेवर मोठी लढाई घेतली तर आपण उपाशी राहून हरू. म्हणून सीमेवर फक्त छोट्या चौक्या ठेवा. त्या शत्रूची खबर देतील, जमेल तेवढं त्याला थोपवतील आणि मागे येतील. खरी लढाई द्यायची ती मागे, बोमडिलासारख्या ठिकाणी, जिथे आपला रस्ता पोहोचतो आणि आपलं धान्य पोहोचतं. शत्रूला तेवढं आत येऊ द्या. मग त्याचा मागचा रस्ता लांबतो आणि आपला आखूड होतो.

मैत्रिणींनो, हे आपल्याला नवं नाही. अफझलखान विजापूरहून निघाला तेव्हा तो आपल्याच भागातून गेला. तुळजापूर आणि पंढरपूरच्या देवस्थानांना त्याने उपद्रव दिल्याचं बखरी सांगतात. महाराज चिडून मैदानात उतरतील, हा त्यामागचा डाव होता असं मानलं जातं. महाराजांना दुःख झालं नसेल? पण ते मैदानात उतरले नाहीत. जावळीच्या रानात, प्रतापगडाखाली, जिथे हत्ती आणि तोफांचा उपयोग नाही अशा जागी खानाला यावं लागलं. १० नोव्हेंबर १६५९ ला काय झालं, ते आपल्या पोराबाळांनाही ठाऊक आहे. मान कुठे दुखावली ते वेगळं आणि पाय कुठे टिकतील ते वेगळं. थोरातांचं सांगणं तेच होतं.

रंगीत तालीम

थोरात नुसता कागद पाठवून थांबले नाहीत. मार्च १९६० मध्ये लखनौला त्यांनी ‘लाल किल्ला’ नावाचा सराव घेतला. मोठमोठे अधिकारी बोलावले. नकाशे मांडले. आज आपल्याकडे जेवढं सैन्य, जेवढे रस्ते, जेवढा दारूगोळा आहे तेवढाच धरून चीनने हल्ला केला तर कोणत्या दिवशी काय होईल, हे सगळ्यांसमोर करून दाखवलं. उत्तर नको ते आलं. आहे त्या बळावर नेफा टिकत नाही, हेच त्यातून दिसलं. आणखी सैन्य, रस्ते आणि सामान हवं, ही मागणी पुन्हा पुढे आली.

लष्करप्रमुख थिमय्यांना आराखडा पटला होता. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना तो घबराट पसरवणारा वाटला. चीन आपल्याशी युद्ध करणार नाही, आणि वेळ आलीच तर बोलणी करून आपण निभावून नेऊ, असा त्यांना विश्वास होता.

न्यायाने बोलायचं तर दुसरी बाजूही आहे. देश गरीब होता. धान्य परदेशातून आणावं लागत होतं, धरणं बांधायची होती, शाळा काढायच्या होत्या. पाकिस्तानकडून धोका जास्त, असं अनेकांना मनापासून वाटत होतं. आणि ‘लढायचं तर सीमेपासून मागे येऊन’ हे संसदेत आणि लोकांत कोण उठून सांगणार? एक इंचही जमीन सोडू नका, असंच सगळे म्हणत होते. त्यामुळे दोष एकाच माणसाच्या गळ्यात घालून मोकळं होता येत नाही.

पण एक गोष्ट राहतेच. चीनचं मन काय आहे याची चर्चा पुष्कळ झाली, चीनचं बळ किती आहे याचा हिशोब मात्र थोड्यांनीच केला. मन एका रात्रीत बदलतं. बळ एका रात्रीत उभं राहत नाही, म्हणून ते आधी मोजता येतं. थोरातांनी बळ मोजलं होतं. मे १९६१ मध्ये ते निवृत्त झाले. त्यानंतरच्या काळात उलट लहान लहान चौक्या आणखी पुढे नेण्याचं धोरण जोरात आलं. चीन काही करणार नाही, याच भरवशावर.

१९६२

२० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे चीनने हल्ला केला. नेफात नामका चू नावाच्या ओढ्याकाठी आपली एक ब्रिगेड उभी होती. ब्रिगेडियर जॉन दळवी तिचे प्रमुख. हाडं गोठवणारी थंडी, आणि कितीतरी जवानांच्या अंगावर उन्हाळी गणवेश, पायात कापडी बूट. विमानातून टाकलेलं सामान दऱ्यांत पडून वाया जाई. काही तासांत ती ब्रिगेड मोडली आणि दळवी स्वतः कैद झाले. चार-पाच दिवसांत तवांग गेलं.

नोव्हेंबरच्या मध्यावर दुसरा हल्ला आला. सेला खिंडीवर आपलं सैन्य मजबूत बसलं होतं. चिनी तुकड्या समोरून आल्या तशा बाजूच्या डोंगरातल्या जुन्या पायवाटेनेही आल्या आणि त्यांनी सेला ते बोमडिला हा मागचा रस्ता तोडला. बारा वर्षांपूर्वी कोरियात जे झालं होतं तेच इथे झालं. बोमडिलाही पडलं. २१ नोव्हेंबरला चीनने आपणहून युद्धबंदी जाहीर केली. सरकारी आकड्यांप्रमाणे १,३८३ जवान मृत्युमुखी पडले, १,६९६ बेपत्ता झाले आणि ३,९६८ कैद झाले. प्रत्येक आकड्यामागे एक घर होतं, एक आई होती, बहुतेक घरांत एक बायकोही होती.

या जवानांच्या शौर्यात कमी नव्हती. लडाखमध्ये रेझांग ला येथे मेजर शैतान सिंह यांची तुकडी जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढली. शौर्य होतं, पण लोकरीचे कपडे नव्हते. चांगल्या जागी उभं राहण्याचा निर्णयही वेळेवर झाला नव्हता.

थोरातांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिलं आहे की युद्ध पेटल्यावर पंडित नेहरूंनी त्यांना बोलावून घेतलं, तो कागद पाहिला आणि हा मला आधी का दाखवला नाही असं विचारलं. तीन वर्षांपूर्वीचा कागद पंतप्रधानांच्या मेजापर्यंत पोहोचलाच नव्हता.

त्या हिवाळ्यात देशभरातल्या बायकांनी काय केलं, हे आपल्यातल्या जुन्या बायकांना आठवत असेल, किंवा त्यांनी आईकडून ऐकलं असेल. राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी बायकांनी बांगड्या, पाटल्या, अंगठ्या उतरवून दिल्या. शाळांमधून, महिला मंडळांतून जवानांसाठी लोकरीचे स्वेटर विणले गेले. मला ही गोष्ट फार लागते. आराखडा लिहिला गेला तेव्हाच सामानाची तजवीज झाली असती, तर ते घाईघाईने बायकांच्या अंगावरच्या सोन्यातून उभं करावं लागलं नसतं.

हरल्यावर काय केलं

मेनन यांनी राजीनामा दिला. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं तेव्हा लोक म्हणाले. चव्हाणांनी चूक झाकून ठेवली नाही. चौकशी बसवली. तो अहवाल गुप्त ठेवला गेला, पण सप्टेंबर १९६३ मध्ये चव्हाणांनी लोकसभेत त्यातले धडे सांगितले. डोंगरातल्या लढाईचं प्रशिक्षण कमी पडलं, सामान कमी पडलं, हुकूम देण्याच्या पद्धतीत दोष होते. मग डोंगरात लढण्यासाठी खास डिव्हिजन उभ्या राहिल्या, रस्ते झाले. १९६७ च्या सप्टेंबरमध्ये सिक्कीमच्या नाथू ला खिंडीत चिनी सैन्याशी चकमक झाली, तेव्हा आपले जवान चांगल्या उंचीवर, पक्क्या जागी, तोफांच्या आधाराने उभे होते. ते हटले नाहीत. माणसं याच देशातली होती. या वेळी त्यांच्यामागे तयारी होती.

आपल्या गटासाठी

आता यातलं आपण काय घ्यायचं? आपल्या गटाला कुणाशी युद्ध करायचं नाही. पण बाजार आहे, व्यापारी आहे, दारात येऊन झटपट कर्ज देणाऱ्या कंपन्या आहेत, पाऊस आहे. समोर कुणी ना कुणी असतंच.

पहिलं, समोरच्याचा स्वभाव नको, बळ मोजा. ‘वसुलीवाला भाऊ चांगला आहे, सांभाळून घेईल’ हा हिशोब नव्हे. हप्ता किती, व्याज किती, एक हप्ता चुकला तर कागदावर काय लिहिलं आहे, ते वाचून घ्या. भाऊची बदली होईल, कागद तोच राहील.

दुसरं, रसद पोहोचते तिथेच उभं राहा. धरा, दिवाळीसाठी पुण्याच्या दुकानदाराने शेंगा चटणीची पाचशे किलोची ऑर्डर दिली. मान मोठा आहे. पण शेंगदाणे उधार कोण देणार, कुटणार कोण, पैसे किती दिवसांनी येणार? शंभर किलो नीट पोहोचत असेल तर शंभरच घ्या. मागे थांबणं म्हणजे हरणं नव्हे.

तिसरं, आधी तालीम करा. कर्ज उचलण्याआधी बैठकीत बसून मांडा. दोघींचा हप्ता थकला तर काय? पाऊस गेला तर काय? उत्तर नकोसं आलं तरी ते मांडलेल्या कागदावर येऊ द्या, घरात यायला नको.

आणि चौथं, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. वाईट बातमी सांगणारीला गप्प करू नका. गटात एखादी सचिव म्हणते, ‘ताई, आपली थकबाकी वाढतेय.’ लगेच बाकीच्या म्हणतात, ‘तुझं तोंडच वाईट, चांगलं कधी बोलशील?’ थोरातांनाही असंच म्हटलं गेलं. घबराट पसरवतो म्हणाले. तिचं म्हणणं इतिवृत्तात लिहा, ग्रामसंघाकडे पाठवा आणि पोच घ्या. पोच आली की पुढच्या बैठकीत विचारा, वाचलं का? नुसता लिहिलेला कागद कुणाला वाचवत नाही, तो योग्य हातात पोहोचून वाचला जावा लागतो.

थोरात निवृत्तीनंतर महाराष्ट्रात राहिले, राज्याच्या लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९९२ मध्ये वारले. सोलापुरात कोटणीसांच्या घराचं स्मारक आहे. मुलींना घेऊन एकदा जरूर जा. आणि तिथे कोटणीसांची गोष्ट सांगताना ही दुसरी गोष्टही सांगा. एकाने त्या सैन्याच्या जखमा बांधल्या, दुसऱ्याने त्याची ताकद मोजली. दोघांनीही समोरच्या माणसाकडे डोळे उघडे ठेवून पाहिलं.

या आठवड्याच्या बैठकीत एकच प्रश्न घ्या. आपल्या गटात अशी कोणती गोष्ट आहे जी एकीला दिसते आहे, तिने सांगितलीही आहे, पण आपण अजून ऐकलेली नाही? तिला आधी बोलू द्या, मग चहा ठेवा.

पुढच्या वेळी पुन्हा भेटू. नमस्कार.